नाव न घ्यायचा आजार

रायपूरच्या गुढियारीत, आमच्या पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात, दीपमाला बोरकुटेला कुणीही "कशी आहेस?" म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "देवाच्या कृपेनं सगळं ठीक." अंगात ताप असो की दाढ सुजलेली असो, उत्तर तेच. मागच्या दिवाळीत एकदा ती भिंत धरून जिना उतरत होती. मी विचारलं तर म्हणाली, "सगळं ठीक, वहिनी."

"मग भिंत काय पडणार आहे म्हणून धरून ठेवली?"

हसली फक्त. पायाला काय झालं ते काही सांगितलं नाही.

ही सवय तिच्या माहेरची, तिरोड्याकडची. तिच्या आईचा पक्का समज होता की आजाराचं नाव घरात मोठ्यानं घेतलं की तो पत्ता विचारत येतो. कॅन्सरला त्यांच्याकडे 'ते मोठं' म्हणायचे. दीपमालाला स्वतःला कित्येक वर्षांपासून शुगर आहे, पण ती तिला 'ते गोड' म्हणते. बीपीची गोळी म्हणजे 'डोक्याची'. गोळ्या मात्र ती कधी चुकवत नाही. देवघराच्या खालच्या कप्प्यात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी डबी असते. पूजा झाली की आधी तीर्थ, मग गोळी.

तिचा नवरा रणजित उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये आहे. भट्टीपाशी कामाला लागला तेव्हापासून त्यांच्याकडे कामगार विम्याचं कार्ड होतं. त्या कार्डावर दोघांचाही दवाखाना चालायचा, औषधंही मिळायची. मग रणजित सुपरवायझर झाला. दीपमालानं पाऱ्यात पेढे वाटले. पेढ्यांची चव जिभेवर असतानाच कळलं की पगार अमुक एका मर्यादेच्या वर गेला की ते कार्ड बंद होतं. मिलमध्ये सुपरवायझर लोकांसाठी वेगळा विमा होता, पण त्यात फक्त कामावरच्या माणसाचं नाव. बायकोचं नाही.

"हे साहेब झाले अन् मी बिनादवाखान्याची झाली," दीपमाला मला म्हणाली.

हसत म्हणाली, पण घरात कुणाला हसू येत नव्हतं. उद्या तिला दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर काय, हा प्रश्न होता. रणजितनं तो माझ्यासमोर बोलूनही दाखवला. आमच्याकडे रेल्वेचा दवाखाना, त्यामुळे मला या विम्यांमधलं काही कळत नव्हतं. तरी दीपमालानं मला बोलावून घेतलं. "राधिका समजावणार आहे. तुमी बसा जवळ. मले तिची हिंदी कळते, पण तिचं इन्शुरन्स नाही कळत."

राधिका म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नवा रायपूरला एका ऑफिसात नोकरी करते. मराठी सगळं समजतं, उत्तर देते हिंदीत. ती लॅपटॉप घेऊन खाटेवर बसली, आम्ही दोघी खाली तिवऱ्याची भाजी निवडत होतो.

"मम्मी, ध्यान से सुनो. पहला वाला इंडिविजुअल है. पापा का अलग, आपका अलग. दूसरा फ्लोटर है, दोनों का मिलाकर एक."

"म्हणजे पहिल्यात ज्याचा त्याचा डबा," दीपमाला म्हणाली, "अन् दुसऱ्यात दोघाईत एकच कुकर?"

"हव, बस वही."

"मंग कुकर यायनंच रिकामा केला तर?"

"तो उस साल आपके लिए उतना ही, जितना बचा."

"मी काय तिथं जेवायले चाललो?" रणजित दारातून म्हणाला.

"तुमचा काही भरोसा नाही. लग्नाच्या पंगतीतबी तुमी शेवटी उठता."

तिसरा प्रकार होता मोठ्या आजारांचा. ठरलेल्या यादीतला आजार निघाला तर एकदम ठरलेली रक्कम हातात, यादीबाहेरच्या आजाराला काही नाही. "इसमें देखो," म्हणत राधिकानं यादी वाचायला सुरुवात केली. "कैंसर, हार्ट अटैक, किडनी फेल्योर..."

दीपमालानं भाजी टाकली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. "बंद कर ते! दिवेलागणीच्या वेळेले काय काय बोलावून राहिली घरात, पोट्टी!"

तिसरा प्रकार तिथेच संपला.

कुकरचा हप्ता दोघांतल्या मोठ्याच्या वयावर ठरतो, अन् यांचं वय सारखंच होतं; शिवाय रणजितला मिलचा विमा होताच, म्हणजे कुकर बहुतेक दीपमालालाच उरणार होता. म्हणून कुकरवर एकमत झालं. पण कुकरही दोन निघाले. एक स्वस्त होता, पण त्यात आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षं थांबायचं. शिवाय दवाखान्याच्या खोलीच्या भाड्याला मर्यादा. दुसऱ्याचा हप्ता जास्त, पण त्यात शुगर-बीपीचा खर्च पहिल्या महिन्यानंतर लगेच मिळणार. अट एकच, आजार आधी सांगायचा.

रणजितचा कल स्वस्ताकडे होता. राधिका म्हणाली, "पापा, मम्मी की शुगर के लिए ही तो ले रहे हैं. तीन साल कौन बैठेगा?" रणजितनं मान हलवली. दुसरा ठरला. त्याचा फॉर्म भरता भरता राधिकानं आईला बजावलं, "बीमारी वाला हिस्सा उनके डॉक्टर फोन पर पूछेंगे. जो पूछें, सच-सच बताना."

"मी काय खोटी बोलते?" दीपमाला म्हणाली.

फोन आला तेव्हा मी तिथेच होते. आमच्या अंगणातली जास्वंदीची फुलं रोज सकाळी मी तिला नेऊन देते. तिची पूजा नुकतीच आटपली होती, निरांजन तेवत होतं, बोटांना गंध लागलेलं. म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक तरुण डॉक्टर मुलगी होती, फार गोड बोलणारी.

"नमस्ते मैम, कैसी हैं आप?"

"भगवान की दया से सब ठीक है, बेटी."

"कोई पुरानी बीमारी? शुगर, बीपी, थायराइड?"

दीपमालानं देवघराकडे पाहिलं. "ना बेटी, ऐसा मत बोलो. सब ठीक है. भगवान की दया है."

"रोज़ कुछ लेती हैं?"

"पूजा के बाद तीर्थ लेती हूँ."

पलीकडून हसू आलं. "बहुत अच्छा, मैम." आणखी थोडं विचारून तिनं फोन ठेवला. "चांगली पोरगी आहे," दीपमाला म्हणाली, तीर्थ घेतलं, मागोमाग गोळी घेतली आणि डबी कप्प्यात ठेवली. मलाही ती विम्याची विचारपूस वाटली नाही; वाटलं, कुणी आपुलकीनं चौकशी करतंय.

पुढच्या आठवड्यात राधिकाच्या मोबाइलवर पॉलिसी आली. आईच्या नावापुढे, आधीपासूनचे आजार या रकान्यात लिहिलं होतं: नाही.

"मम्मी! आपने उनको क्या बोला?"

"जे विचारलं ते सांगितलं. देवाची कृपा आहे म्हणलं. नाही का?"

राधिकानं कपाळावर हात मारला. मग नीट समजावलं. उद्या भरती व्हायची वेळ आली तर ते जुने कागद मागतील. त्यांत इतक्या वर्षांची शुगर दिसेल. मग म्हणतील, तुम्ही लपवलं. खर्च तर मिळणार नाहीच, पॉलिसीही रद्द करतील. आणि फोनवरचं सगळं बोलणं त्यांच्याकडे रेकॉर्ड आहे.

"राहू दे न मंग," रणजित म्हणाला. "पॉलिसी तर आली. आता उकरून काढलं अन् त्यायनं नाहीच म्हटलं तर? हातचंबी जाईन. कोण विचारते?"

"वही पूछेंगे, पापा. जिस दिन भर्ती करना पड़ेगा, उसी दिन पूछेंगे."

दीपमालाच्या डोक्यात पैसा नव्हता, पॉलिसी नव्हती. ती मला म्हणाली, "वहिनी, त्या रेकॉर्डात माझ्या तोंडून देवाचं नाव आहे. अन् त्याच्याच खाली खोटं आहे. म्हणजे मी देवाचं नाव घेऊन खोटं बोलली?"

मी काही शिकलेली पंडित नाही. मला जे वाटलं ते म्हटलं. "तू मुद्दाम नाही बोललीस. पण आपण आरतीत त्याच्यापुढे आपलं दुःखच सांगतो ना? आजाराचं नाव ऐकून तो काही उठून जात नाही."

पॉलिसी हातात आल्यावर काही दिवस ती परत करायची नाहीतर दुरुस्त करायची मुभा असते म्हणे. राधिकानं कंपनीला कळवून पुन्हा फोन ठरवला. रविवारचा, म्हणजे सगळे घरी. दीपमाला कुणाकडे जायचं असल्यासारखी ठेवणीतली साडी नेसून बसली. फोनची वेळ झाली तशी उठली आणि देवघराचा पडदा ओढायला गेली. अशुभ बोलायचं तर देवासमोर नको. पडदा धरून उभी होती, तेवढ्यात फोन वाजला. तिनं पडदा सोडून दिला.

"ऐकू दे त्यालेबी," म्हणाली आणि खाली बसली.

या वेळी डॉक्टर दुसरे होते. "बताइए मैम, क्या सुधार करना है?"

"बेटा, उस दिन मैंने गलत बताया. मेरे को..." ती थांबली. लग्नात नाव घे म्हटल्यावर नवी नवरी अडखळते ना, अगदी तशी. पदर बोटाला गुंडाळत राहिली.

"माझं नाव घ्यायलेबी इतका टाइम नव्हता लागला इले," रणजित माझ्या कानाशी पुटपुटला.

"मेरे को शुगर है," दीपमाला म्हणाली. इतक्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "बीपी भी है. दोनों की गोली चलती है."

"ठीक है. और कुछ?"

राधिकानं नाही अशी मान हलवली. पण दीपमालाचं तोंड आता उघडलं होतं.

"पाँव के तळवे सुन्न रहते हैं, बेटा. पिछली दिवाली से. चप्पल कब निकल गई, पता नहीं चलता. इसलिए भिंत पकड़ के चलती हूँ."

मला तो जिना आठवला. राधिका आईच्या पायांकडे बघत राहिली. "मम्मी," एवढंच म्हणाली, आणि मग मराठीत, "मला का नाही सांगितलं?"

कंपनीनं तपासण्या मागितल्या. त्यांच्या आधी राधिकानंच आईला डॉक्टरकडे नेलं. शुगरनं पायांच्या नसा धरल्या होत्या. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. तळव्याला काही टोचलं, कापलं तर हिला कळणार नाही, म्हणून रोज कुणीतरी तळवे नीट पाहायचे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मधले दिवस रणजितला चैन नव्हती. शेवटी कंपनीचा निरोप आला. पॉलिसी राहिली. शुगर आणि बीपी कबूल, हप्ता वाढवून. पायांच्या तक्रारीला मात्र दोन वर्षांची मुदत. रणजित हप्त्यावरून कुरकुरला, आणि त्याच संध्याकाळी गोल बाजारातून मागे पट्टा असलेली मऊ चप्पल घेऊन आला.

परवा फुलं द्यायला गेले तर दीपमाला खाटेवर बसलेली, पाय पुढे. रणजित खाली बसून मोबाइलच्या उजेडात तिचा तळवा पाहत होता, आणि ती लाजेनं अर्धी झाली होती.

"सोडा ना! वहिनी आल्या. नवऱ्यानं पायाले हात लावला तर मले पाप लागन."

"कशी आहेस गं?" मी विचारलं.

"शुगर आहे, बीपी आहे," ती म्हणाली. "पायाले कंपनीनं दोन वर्षं थांबाले सांगितलं, पण पाय काही ऐकून नाही राहिले. बाकी देवाची कृपा."

"हलू नको," रणजित म्हणाला. "आता दुसरा दाखव."

तिनं देवघराकडे पाहून हात जोडले आणि दुसरा पाय पुढे केला.