तेवीस नंबरची ओ

आमच्या शाळेच्या कारकुनाला सगळे तोंडावर भाऊसाहेब म्हणत आणि पाठीमागे हजेरीराव. हजेरीपट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दुसऱ्याच्या नावाला कोणी ओ दिली, की ते आवाजावरून चोर ओळखत आणि अख्ख्या वर्गासमोर त्याची बिनपाण्याने हजामत करत. मी चित्रकलेची बाई, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. मला हा माणूस नियमांचा किडा वाटे, आणि खरं सांगायचं तर जरा दुष्टच.

त्या वर्षी सरहद्दीपलीकडून पळून आलेली, आईबाप नसलेली मुलं छावणीतून आमच्या रिकाम्या वसतिगृहात आणायचं ठरलं. मुलं तेवीस, आमचे वर्ग बावीस. एकेका वर्गाने एकेका मुलाचा वर्षाचा खर्च उभा करायचा होता. छावणीने मुलांची नावं कळवली नव्हती, नुसते नंबर. पोरांनी रद्दी विकली, शाळेच्या बागेतली भाजी विकली, पालकांच्या गाड्या धुतल्या. रोज प्रार्थनेनंतर भाऊसाहेब नंबर पुकारत. ज्याचे पैसे जमले त्याचा वर्ग 'हजर' म्हणून ओरडे, की शाईने खूण. तेवीस पुकारलं की सगळं चिडीचूप.

शुक्रवारी ही यादी छावणीकडे जायची होती. खूण नसलेलं मूल छावणीतच राहणार होतं, आणि छावणी तर महिन्याभरात उठणार होती. पुढे त्याला कुठे धाडतील, कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तेवीस," भाऊसाहेब म्हणाले आणि काट मारायला पेन टेकवलं.

"हजर."

सर्दीने बसलेला, कोवळा आवाज. तो पोरं उभी होती त्या मैदानातून नाही, आम्हा शिक्षकांच्या पाठीमागून आला. पाठीमागे नुसती भिंत होती. भाऊसाहेबांच्या हाताने सवयीने खूण करून टाकली, मग ते गर्रकन वळले.

"कोणी ओ दिली?"

"कोणीच नाही, भाऊसाहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "खोडा ती खूण."

"बाई, मी ऐकलं."

"म्हणजे आता तुम्हीच खोटी हजेरी लावणार?"

पोरं फिदीफिदी हसली. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही तो आवाज ऐकला होता. पण मी मान खाली घातली. त्याची लाज मला अजून वाटते.

"शाईची खूण मी खोडत नाही," ते म्हणाले. "तेवीसचा खर्च माझ्या पगारातून."

"घरी विचारलंत का?"

"घरी मी आणि मांजर. मांजराची समजूत मी घालीन."

मुलं आली. तेवीस नंबर म्हणजे सात-आठ वर्षांची एक मुलगी. भाऊसाहेबांनी नाव विचारलं, तर ती नुसती बघत राहिली.

"ती बोलत नाही," सोबत आलेली नर्स म्हणाली. "तिच्या नावाला तिचा थोरला भाऊच ओ द्यायचा. छातीत कफ साठून गेला बिचारा."

"कधी?"

"तुमची यादी करायच्या आधीच."

भाऊसाहेब मटकन खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वसतिगृहात हजेरी घेतली. "तेवीस." मुलगी ओठ घट्ट मिटून उभी. भाऊसाहेब थांबले, मीही कान टवकारले. काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. मुलगी हळूच वळून मागच्या भिंतीकडे बघायला लागली. वाट बघत राहिली, आणि तिची हनुवटी थरथरू लागली.

मला राहवलं नाही. "हजर," मी म्हणाले.

भाऊसाहेबांनी माझा आवाज ओळखला. मान वर न करता त्यांनी खूण केली.