बेबीताईची सात गाठोडी

पुण्याला जाताना आईला जराही ताण येऊ नये, म्हणून दीपकने तिच्या माघारी तिचं अख्खं घर रिकामं केलं. हे आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी बेबीताईची शेजारीण. दुसरबीड गावात आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच. नवरा गेल्यावर तिने गोधड्या शिवून दीपकला इंजिनियर केलं. बायका जुनी लुगडी, ओढण्या गाठोड्यात बांधून तिच्याकडे देऊन जात. तिला लिहिता येत नव्हतं, पण गाठ बघून कुणाचं गाठोडं ते ती बरोबर ओळखायची. गेलेल्या माणसाचे कपडे असले तर मात्र ती वर्षभर त्यांना कात्री लावत नसे. नूरजहांच्या अम्मीचे कपडे असेच दहा महिन्यांपासून तिच्या फळीवर होते. नूरजहां म्हणजे मागच्या गल्लीतली बांगड्यावाली. मधूनच यायची, गाठोडं मांडीवर घेऊन बसायची, चहा पिऊन जायची.

पुण्याला दीपककडे कायमचं राहायला जायला बेबीताईने नाही म्हटलंच नव्हतं. फक्त म्हणाली होती, "एवढी सात गाठोडी शिवून होऊ दे, मंग येतो." एवढंच तिचं मागणं.

पण सुनेला, सुचिताला, मोबाइलवर काहीतरी सापडलं. म्हाताऱ्या माणसांना घर बदलताना त्रास होऊ नये म्हणून काय करावं, याची यादीच होती म्हणे. सामान त्यांच्यासमोर बांधू नका. निरोपाची रडारड टाळा. मग काय, बेबीताईला चार दिवस लोणारला बहिणीकडे धाडलं आणि इकडे ट्रक बोलावला. मी नेमकी मलकापूरला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते, नाहीतर दारात आडवी पडले असते. चिंध्या कशाला न्यायच्या, म्हणून सातही गाठोडी बोहारणीला दिली. बदल्यात स्टीलचे दोन डबे घेतले. वर सुचिता समोरच्या बाईला म्हणाली, बरा सौदा झाला.

लोणारहून परस्पर पुणे गाठायचं असं दीपकने ठरवलं होतं. दुसरबीड आलं तरी गाडी थांबेना, तेव्हा बेबीताईने चालत्या गाडीचं दार उघडायला घेतलं. मग कुठे दीपकने गाडी घराकडे वळवली.

मी मलकापूरहून परतले होते, अंगणातच होते. ती घरात गेली, रिकाम्या फळीकडे बघितलं आणि बाहेर आली.

"गाठोडी कुठी हायेत?"

दीपकने सांगितलं. सांगताना तो हसत होता, देवाशपथ. "आई, तुला टेन्शन नको म्हणून सगळं आम्हीच उरकलं."

"माह्या घरात मीच नको होती का बे तुले?"

त्याचं हसू मावळलं. तसाच गाडी घेऊन सिंदखेडराजापर्यंत गेला. बोहारीण भेटली, पण तिने कपडे आदल्या दिवशीच बाजारात विकून टाकले होते. हात हलवत परत आला.

बेबीताईने त्याच्या मनगटाला धरलं आणि नूरजहांच्या दारात नेऊन उभा केला. मीही मागोमाग गेले. "सांग," ती म्हणाली. त्याने खाली मान घालून सांगितलं आणि घाईघाईने पुढे जोडलं, "मावशी, मी नवीन कपडे घेऊन देतो. चांगल्यातले."

नूरजहां म्हणाली, "अन् माही अम्मी? ते बी नवी आणून देतं का?"

तिने दार लावून घेतलं. बेबीताई उंबऱ्यापाशीच खाली बसली. मला दीपकच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. का आवरलं कुणास ठाऊक.

त्या दिवशी ती गाडीत बसली नाही. आठ दिवस माझ्याकडे राहिली आणि रोज एकेका घरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगून आली. कुणी जाऊ दे म्हटलं, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. चूक पोराची, मान खाली हिची. नूरजहांकडे ती तीनदा गेली. दार उघडलं नाही.

नवव्या दिवशी दीपक एकटाच न्यायला आला. गल्लीतल्या बायकांनी माझ्या ओट्यावर बेबीताईला निरोप दिला, रडायचं ते पोटभर रडून घेतलं. नूरजहां आली नाही. तिने का यावं?

गाडीचं दार धरून दीपक हळूच म्हणाला, "आई, अजून राग आहे का गं माझ्यावर?"

"हाव," बेबीताई पदर सावरत आत बसली. "हाये. माह्या घरातून एवढंच मी सोताच्या हातानं बांधून घेतलं. चाल आता."