वांगी जळाली तो भाग

जवळ ये गं सुमन, नेहमी दारातूनच काय पळतेस! शेजारी कापसाच्या काड्यांवर वांगी भाजताहेत, त्या वासानं जळगावचं अंगण आठवलं. टीव्हीवर पोलिसांची मालिका लागली की सगळे आत आणि मी एकटी भरताच्या वांग्यांपाशी. खिडकीतून विचारायचे, "कोणी मारलं हो?" आतून उत्तर यायचं, "थांब गं!" वर्षभरात एक खुनी दिसला असेल तर शपथ! एकदा वैतागून वांगी सोडली आणि आत जाऊन बसले. इन्स्पेक्टरनं बोट उचललं आणि पाटी आली, 'उर्वरित भाग पुढील आठवड्यात'! अंगणातून सासूबाई ओरडल्या, "बठ्ठा वांगा जळनात ना!" सगळीच्या सगळी वांगी जळाली होती. तुझे आजोबा म्हणाले, "घ्या, आता याचा तपास!" अस्सा राग आला होता! आता टीव्हीपुढे मी एकटीच, रोज खुनी सापडतो, पण मध्येच "कोणी मारलं?" विचारणारं घरात कोणी नाही. पुढच्या वेळी लवकर ये गं, मुक्कामालाच ये.