साडूभाऊंची बसकी गाडी

माझ्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि तरीही आयुष्यात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती त्यांच्याच गाडीत. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेलूबाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. वीज चमकली की मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यात पुरणारे, आत अळी असेल म्हणून बोर फोडून उन्हात धरून पाहणारे, आणि गॅस बंद केला की नाही या शंकेने मंगरूळपीरच्या वेशीवरून माघारी येणारे. तरुणपणी खच्चून भरलेल्या जीपच्या मागे लटकून जाताना ती जीप वळणावर उलटली होती. साडूभाऊ ज्वारीच्या उभ्या पिकात पडले म्हणून वाचले. पण तेव्हापासून उंच वाहन दिसलं की ते त्यांना उलटलेलंच दिसे.

म्हणून जुनी कार घेतल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर तिच्या स्प्रिंगा कापून घेतल्या. पोरं गाडी खाली बसवतात ती ऐटीसाठी. पन्नाशीच्या साडूभाऊंनी ती बसवली जिवाच्या धास्तीने. "जे गाडी जमिनीवर बसलीच हाये, ते उलटून उलटून कुठं उलटन, भाऊ?" असं ते मला विचारत. त्या गाडीत बसलं की गुडघे हनुवटीला लागत आणि रस्त्यावरचा खडा न् खडा पाठीला कळे. गतिरोधक आला की ते सगळ्यांना खाली उतरवत, रिकामी गाडी तिरकी करून, गाभण म्हशीला ओढा पार करवावा तशी पलीकडे नेत, आणि आम्ही खाली माना घालून मागून चालत जात असू. एका गावात लागोपाठ तीन गतिरोधक होते. ती आमची संथ यात्रा पाहून पारावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोणाकडं झालं?"

या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं, तेव्हा ते जवळच्या मालेगावला अलाइनमेंट करायला गेले. मीही सोबत होतो. मिस्त्रीने चाकांना यंत्र लावलं आणि पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "काका, गाडी खाली बसवल्यानं चाकं वरून आत झुकली. सगळा भार टायरच्या आतल्या काठावर येऊन राह्यला. स्टिअरिंग सरळ करून देतो, पण हा झुकाव नाही निघत. स्प्रिंगा बदला, नाही तं टायर आतून खाल्ल्या जाईन."

साडूभाऊंनी टायरकडे उभ्यानेच पाहिलं. बाहेरची नक्षी काळीभोर, कालच घेतल्यासारखी. "हा तं नवाच दिसते ना बापा!" ते म्हणाले. आतली बाजू बघायची तर जमिनीवर आडवं व्हावं लागलं असतं, आणि मोकळ्या जागी आडवं व्हायला ते विंचवाला भीत.

पुढच्या मे महिन्यात सासूबाईंना जऊळक्याच्या स्टेशनवर सोडायचं होतं. त्या धाकट्या लेकाकडे हिंगोलीला निघाल्या होत्या. टळटळीत दुपार. सासूबाई पुढे, मी मागे. चाकांतून एकसारखा घूंऽऽ असा आवाज येत होता. मी दोनदा विचारलं, साडूभाऊ दोन्ही वेळा म्हणाले, "डांबर तापलं हाये." किन्हीराजा गाव मागे पडलं. पाठीमागून एक ट्रक हॉर्न देत जवळ येत होता. त्याच वेळी फाडकन आवाज झाला आणि गाडीचं डावं नाक खाली बसलं.

गाडी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याकडे ओढली जात होती, खालून पत्रा डांबराला घासत होता, आणि काचेत मागे नुसता ट्रकच ट्रक दिसत होता. मी ओरडणार होतो, "ब्रेक मारा!" पण हा पालीला भिणारा माणूस ओरडला नाही की ब्रेकवर पाय दिला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो सासूबाईंना एखाद्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "मामी, डोये झाका. काई नाही होत." ट्रक अंगावरून गेल्यासारखा शेजारून गेला. गाडी घासत, लंगडत, कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली.

सासूबाईंनी डोळे उघडून विचारलं, "आलं काय टेशन?"

साडूभाऊंची बोटं मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात. ती मी एकेक करून सोडवली. मग ते उतरले आणि तापलेल्या मातीत सरळ पोटावर आडवे झाले. टायर आतून गोल फाटला होता आणि फाटक्या रबरातून तारा चमकत होत्या. ते रांगत दुसऱ्या चाकापाशी गेले. तिथेही तारा. ते तसेच मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. "म्या मामीले याच्यावर बसवलं, भाऊ. म्या भेतो म्हणून बसवली होती गाडी खाली. मले सांगतलं होतं ना त्या मिस्त्रीनं!"

सासूबाई पदर सावरत त्यांच्याजवळ गेल्या. "उठा जवाईबापू. जीव हाये आपला. रिक्षा थांबवा, मही गाडी सुटन."

आठवड्याभरात साडूभाऊंनी मूळ मापाच्या स्प्रिंगा बसवल्या, चारही टायर नवे घेतले, आणि मिस्त्रीच्या पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे होईपर्यंत उभे राहिले. गाडी आता चारचौघींसारखी उंच आहे. पण घरातल्या कुणाला ते तिच्यात बसवत नाहीत. "तुमी यष्टीनं जा, मी मांगून येतो," म्हणतात.

परवा नात्यातल्या एका लग्नात जेवणाची पंगत बसली आणि साडूभाऊ दिसेनात. मी शोधत मांडवामागे गेलो. तिथे पाहुण्यांच्या गाड्या रांगेने लावल्या होत्या. साडूभाऊ नव्या पांढऱ्या कपड्यांत उकिडवे बसून प्रत्येक चाकाच्या आत कोपरापर्यंत हात घालत होते, बोटांनी चाचपत होते आणि पुढच्या गाडीकडे सरकत होते. माझीही गाडी त्यांनी चाचपली. बाहीवर काळा पट्टा उमटला होता. मी पंगतीत परत आलो, आणि माझ्या शेजारच्या पाटावर कुणी बसू लागलं तेव्हा म्हणालो, "नाही, इथं माणूस आहे."