कैरीची वाटी

कैरी किसायची नसते, चिरायची असते. या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. किसली की तिला पाणी सुटतं आणि तिखट-मीठ त्या पाण्यात तरंगत बसतं. साल ठेवून बोटाएवढ्या लांबट फोडी कराव्यात. त्यात जरा कच्चट पेरू, आणि घडातून सुटलेले द्राक्षांचे आंबट मणी अर्धे चिरून घालावेत. वरून लाल तिखट, काळं मीठ, भाजून कुटलेलं जिरं, चिमूटभर साखर. गूळ घालणारे घालतात, मला ते लोणच्याकडे झुकल्यासारखं वाटतं. झाकणाच्या डब्यात भरून डबा खडखडा हलवायचा आणि लगेच खायचं. मुरत ठेवलं की मजा गेली.

हे मी शाळेत जात होते तेव्हापासून करते, आणि आता शाळेत शिकवते तरी करते. लग्नानंतर नाशिकरोडला आमच्या रो-हाउसमध्ये राहायला आले तेव्हा नवऱ्याची एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीची ड्यूटी असायची. संध्याकाळी घरात मी आणि डबा, असे दोघंच. डब्याने कधी मला प्रश्न विचारले नाहीत, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

सासूबाई देवळ्याकडच्या. गावाकडची शेती दीर बघतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या वर्षी हिवाळ्यापासून त्या आमच्याकडे होत्या. आंबट म्हणून त्या खात नसत. लोणचं नाही, चिंचेची आमटी नाही, ताकसुद्धा नाही. त्यांना पित्ताचा त्रास आहे असं घरात सगळे म्हणत, आणि त्यांनीही ते कधी खोडून काढलं नव्हतं. मी डबा पुढे केला की त्या फक्त हाताने नको म्हणायच्या.

मार्चमधली एक दुपार होती. मी आणि नवरा नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यातून परत येत होतो. मूल व्हावं म्हणून काही वर्षं उपचार चालू होते आणि त्या दिवशी पुन्हा ‘नाही’ असं उत्तर मिळालं होतं. डॉक्टरीणबाई पुढच्या खेपेचं समजावून सांगत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पेनांकडे बघत होते. द्वारकेला नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. नवऱ्याने स्कूटर बंद केली आणि मागे न बघता विचारलं, “अजून करायचंय का?”

“तुला?”

“मला तुझे हाल बघवत नाहीत.”

“मग बस झालं,” मी म्हटलं.

पुढची बस हलली, आम्हीही हललो. एवढी मोठी गोष्ट अशी रस्त्यात, हॉर्नच्या गोंगाटात ठरली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. चौक ओलांडल्यावर एका हातगाडीवर वर्षातल्या पहिल्या कैऱ्या दिसल्या. मी नवऱ्याला थांबायला सांगितलं आणि चांगल्या कडक बघून घेतल्या.

घरी आल्यावर कपडेही न बदलता मी कैरी चिरली आणि ओट्याशी उभ्यानेच डब्यातून खाल्ली. बोटं चाटून वर बघते तर दारात सासूबाई. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि परत फिरल्या. मला वाटलं, उभ्याने खाल्लेलं आवडलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याची बादली उचलली तर ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. ज्या बाईला जिना चढताना कठड्याला धरावं लागतं, ती भरलेली बादली घेऊन निघाली. मी म्हटलं, “आई, अहो गुडघे.” त्या म्हणाल्या, “माझे गुडघे मी बघते. तू बस.” संध्याकाळी नवरा पिशवीभर कैऱ्या घेऊन आला. आईने आणायला सांगितल्या, म्हणाला. जेवायला चिंच-गुळाची आमटी होती, ती त्यांनी स्वतः केली होती आणि स्वतः वाढून घेतली नव्हती. मला वाटलं, माझा पडलेला चेहरा बघून लाड चाललेत. दोन दिवस मी ते लाड करून घेतले.

तिसऱ्या दिवशी समोरच्या काकूंनी आवळ्याच्या लोणच्याची बरणी आणून दिली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. आत आले तर मागच्या अंगणात दोरीवर सासूबाईंचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं वाळत होतं. शेजारी स्टुलावर कात्री होती आणि लुगड्याच्या एका टोकाचे चौकोनी तुकडे कापून ठेवलेले होते. आमच्याकडे बाळाची दुपटी अशा लुगड्याची करतात. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. लग्न झालेली बाई आंबट खाताना दिसली की तिला दिवस गेले असणार, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नव्हतं, कारण मी फक्त कैरी खात होते.

रात्री नवऱ्याला म्हटलं, “तुझी आई आहे, तू सांग.”

“मी सांगितलं तर ती रडेल.”

“आणि मी सांगितलं तर?”

“तुझ्यासमोर नाही रडणार.”

त्याचं म्हणणं खरं होतं आणि मला त्याचा संताप आला. आयतं माझ्या गळ्यात पडलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी सासूबाई सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होत्या. मी तो ओवून दिला आणि म्हटलं, “आई, मला दिवस गेलेले नाहीत. कैरी मला नुसती आवडते. आणि आम्ही आता दवाखान्यात जायचं बंद करतोय. आम्हाला मूल होणार नाही असंच धरून चाला.” वर्गात गृहपाठ सांगावा तशा आवाजात मी हे सांगितलं. दुसरा आवाज लावला असता तर फुटला असता.

त्यांनी सुई कापडाला टोचून ठेवली. “मंग आधी सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. “चार घरी सांगून बसले मी.”

एवढंच बोलल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. मी मात्र जेवले, हट्टाने. त्यांची आशा गेली होती हे मला दिसत होतं. पण माझी काय कमी वर्षांची होती? ती गेली तेव्हा मी कोणाला बोल लावला नव्हता. पुढचे काही दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज होते. दोरीवरचं लुगडं गेलं. मी डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. संध्याकाळी फ्रीज उघडला की कैऱ्या दिसायच्या आणि मी दार लावून घ्यायचे. माझ्याच घरात, माझ्याच डब्यातून खायची मला चोरी झाली होती.

एका संध्याकाळी शाळेतून आले तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. समोर विळी, कैऱ्या बाहेर काढलेल्या.

“ह्या सडवायच्या हायेत का?”

“मला नको.”

“का नको? माझ्यामुळं?”

त्या खाली बसल्या, गुडघा धरत, आणि विळी पुढे ओढली. कैरी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

“तुझा नवरा लय उशिरा झाला मला. लय वर्षं काही नव्हतं. मळ्यात चिंच होती आमच्या. मला चिंच म्हंजे जीव की प्राण. पण तोंडाला लावली का सासूची नजर पोटावर. जावा इचारायच्या, काय गं, काही हाय का? नाय म्हणायचं, मंग त्यांची तोंडं उतरायची. माझंच काहीतरी चुकल्यावानी. एक दिवस सोडून दिली. मंग लोणचं सोडलं, ताक सोडलं. पित्त होतं म्हणून सांगितलं.”

“पित्त नव्हतं?”

“कसलं पित्त,” त्या म्हणाल्या. “मंग हा झाला, धाकटा झाला. पण तोंडाला लावलंच नाय. कोणी म्हणलं पण नाय, का आता खा.”

विळीवर कैरीचा करकर आवाज येत होता. फोडी त्या माझ्यासारख्याच करत होत्या, लांबट, सालासकट.

“अन् मी तुझ्या पोटाकडं बघितलं,” त्या म्हणाल्या. “मला ठावं असून बघितलं.”

मी फळीवरून डबा काढला. तिखट, काळं मीठ, जिरं, साखर घातली, झाकण लावून हलवला. सगळं वाटीत काढल्यावर मी पाटावर बसायला गेले, तर त्या उठल्या.

“इथं नको. पायरीवर बसू.”

संध्याकाळच्या त्या वेळेला आमच्या गल्लीत सगळ्या बायका फाटकात उभ्या असतात. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. आम्ही पुढच्या पायरीवर बसलो. त्यांनी मांडीवर लुगड्याचा एक चौकोनी तुकडा पसरला आणि त्यावर वाटी ठेवली. समोरच्या काकू लगेच रस्ता ओलांडून आल्या.

“काय आजी, सुनेचे डोहाळे पुरवताय वाटतं.”

मी तोंड उघडलं, पण सासूबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

“सुनेला काही नाय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी चुकीचं सांगितलं व्हतं तुम्हाला. डोहाळे माझे हायेत. घ्या एक फोड.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, एक फोड उचलली आणि काहीतरी काम आठवून परत गेल्या. सासूबाईंनी एक फोड तोंडात घातली. डोळे घट्ट मिटले, खांदे वर गेले, आणि पहिली गिळायच्या आतच त्यांनी दुसरी उचलली.

“मीठ कमी हाय,” त्या म्हणाल्या.

मी मीठ घेऊन बाहेर आले तेव्हा वाटी रिकामी होती.