डिफरन्शियलमधल्या चकत्या

घटस्फोट झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी ती गाडी घेतली. वीस वर्षं जुनी जर्मन सेडान, सहा सिलिंडरची, मागच्या चाकांवर चालणारी. रोज विश्रांतवाडीहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जाणाऱ्या माणसाला अशी वेगवान गाडी कशाला हवी, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. आईने विचारलं नाही. तिने गॅलरीतून खाली पार्किंगमध्ये बघितलं आणि म्हणाली, "रंग चांगला आहे."

"बसून तर बघ."

"फार खाली आहे रे ती. बसेन मी, पण मग मला उठवायला सोसायटीची मीटिंग बोलवावी लागेल."

वर्षभर ती त्या गाडीत बसली नाही. मीही आग्रह सोडून दिला. त्या काळात मी घरात तसाही कमीच बोलत होतो.

गाडी घेण्यामागे माझं एक वेड होतं. कुठलीही गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो. तो दोघांना आपापल्या गतीने फिरू देतो. पण साध्या डिफरन्शियलची एक खोड असते. एक चाक चिखलात किंवा वाळूत सापडून नुसतं गरागरा फिरायला लागलं, की दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळत नाही, आणि गाडी जागच्या जागी अडकते. माझ्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल होता. त्याच्या आत, दोन्ही बाजूंना, पातळ चकत्यांची एकेक चवड असते. एक चाक घसरायला लागलं की त्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दुसऱ्या चाकालाही जोर देतात. कॉलेजात असताना मी हे पुस्तकात वाचलं होतं. तेव्हापासून असं काहीतरी आपल्या मालकीचं असावं, असं मला वाटत होतं.

माझ्याकडे आल्यावर वर्षभरातच त्या चकत्या झिजून संपल्या. हिंजवडीच्या पलीकडे, माण गावात, एक मिस्त्री अशा जुन्या गाड्यांची कामं करायचे. साठीच्या आसपासचे, गावचेच. घरची शेतं टॉवरांखाली गेली होती, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड टाकली होती. आपल्याकडे नव्या चकत्या मिळेनात. शेवटी थोड्या एका ठिकाणाहून आणि थोड्या दुसरीकडून मागवून त्यांनी त्या बसवल्या. गाडी सरळ उत्तम जायची. पण पार्किंगमध्ये वळवली की मागून टर्रर्र असा आवाज यायचा आणि सगळी गाडी थरथरायची. तेल बदलून झालं, तेलात घालायचं खास औषध घालून झालं. थरथर जाईना. मिस्त्रींनी डिफरन्शियल पुन्हा उतरवला.

त्याच आठवड्यात मला आईबद्दल कळलं. सकाळी तिने पोह्यांत मिठाऐवजी साखर घातली होती आणि वरून पुन्हा साखर. मी काही बोलायच्या आत तिने चव घेतली, ताट बाजूला सारलं आणि खाली बघत बसली. मग मला एकेक गोष्ट जाणवायला लागली. ती पेपरातले फक्त मथळे वाचायची. संध्याकाळी बाहेर पडणं तिने सोडलं होतं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि तिला औंधला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"झाले असतील वर्ष-सव्वा वर्ष," आई म्हणाली.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "वर्षभर बोलली का नाहीस?"

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिने काळा चष्मा लावला होता. ती रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, "या वर्षभरात तुझं तुला कमी होतं का?"

तेवढ्यात मिस्त्रींचा फोन आला. डिफरन्शियल उघडून ठेवला होता, मी एकदा बघून जावं, असं ते म्हणत होते. आईला घरी सोडून परत माणला जायचं म्हणजे सगळा दिवस गेला असता. आई म्हणाली, "चल, मीही येते. घरी जाऊन तरी मला काय दिसणार आहे?"

कॅबने आम्ही माणला पोचलो. मिस्त्रींनी तिच्यासाठी खुर्ची पुसून दिली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी चकत्या मांडल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा. आठ घर्षणाच्या, करड्या, आणि आठ साध्या पोलादी.

"मोजल्यात सगळ्या," मिस्त्री मला म्हणाले. "समद्या सारख्याच हायत. मग ही थरथर कुठून येतीया, कळंना."

"कशाने मोजल्यात?" आईने विचारलं.

मिस्त्रींनी जाडी मोजायचा सरकत्या जबड्यांचा व्हर्निअर तिच्या हातात दिला. तिने चष्मा काढला नाही. व्हर्निअरचे जबडे मिटवले, अंगठा त्यांच्या कडेवरून फिरवला आणि तो परत टेबलावर ठेवला.

"याचे जबडे झिजलेत. हा सगळ्यांना सारखंच म्हणणार. मायक्रोमीटर आहे?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. त्यांच्या जागी आईला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी मिळाली आणि तिथूनच ती निवृत्त झाली. तिथे ती काय करते हे मी एकदाच विचारलं होतं. 'कारखान्यातलं कारखान्यात,' एवढंच ती म्हणाली होती. तिथल्या कामाबद्दल बाहेर बोलायचं नसतं, हे कारखान्याच्या कॉलनीतल्या सगळ्याच पोरांना माहीत होतं. मग मी पुन्हा विचारलं नाही, आणि हळूहळू मला त्याची गरजही वाटेनाशी झाली. ती सकाळी डबा घेऊन सायकलवर जायची आणि संध्याकाळी यायची.

मिस्त्रींनी कपाटातून एक लाकडी डबी आणली. "बंद पडलेल्या वर्कशॉपातनं घेतलं व्हतं. कोन वापरतंय हे?"

आईने वर्तमानपत्राचा एक कोरा कोपरा फाडला, मायक्रोमीटरच्या दोन टोकांमध्ये हलकेच धरला आणि ओढून काढला. "आधी तोंडं पुसायची," ती कोणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. मग तिने ती टोकं मिटवली. मागची छोटी कळ फिरवली, टिक, टिक, टिक. "शून्य आहे का बघ."

"मी?"

"मग काय मी? मला इथे रेघा दिसत असत्या तर डॉक्टरांकडे कशाला गेले असते?"

मला ते वाचता येत नव्हतं. इंजिनिअर झालो होतो, पण कॉलेजात मायक्रोमीटर कधी धरला असेल तर एकदाच. तिने मला शिकवलं. आधी दांड्यावरचा आकडा, मग अर्धी रेघ दिसते का ते बघायचं, मग फिरणाऱ्या भागावरची रेघ. ती चकती धरायची, कळ फिरवायची, तीन टिक झाले की हात स्थिर ठेवायची. मी वाकून वाचायचो. मिस्त्री खडूने फळ्यावर लिहायचे. दोन पूर्णांक शून्य तीन मिलिमीटर. दोन पूर्णांक शून्य दोन. एक चकती घेतल्यावर ती मी वाचायच्या आधीच म्हणाली, "ही दोनच्या खाली आहे." ती एक पूर्णांक एक्याण्णव निघाली. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं.

तासाभरात फळा भरला. घर्षणाच्या चकत्या दोन वेगवेगळ्या जाडीच्या होत्या. मिस्त्रींनी जाड त्या सगळ्या एका बाजूला बसवल्या होत्या आणि पातळ दुसऱ्या बाजूला. त्यांचा दोष नव्हता, व्हर्निअरला फरक दिसतच नव्हता. आईने मला बेरजा करायला सांगितल्या आणि दोन्ही बाजूंच्या चवडी सारख्या उंचीच्या होतील अशा चकत्या अदलाबदल करून लावल्या.

मला वाटलं, झालं. पण ती म्हणाली, "काच आहे का? सपाट."

मिस्त्रींनी भिंतीवरचा आरसा काढून दिला. एकेक पोलादी चकती आरशावर ठेवून ती बोटाने कडेकडेने दाबत गेली. सहावी ठेवली तेव्हा टक असा बारीक आवाज आला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा टक.

"ही नापास."

"मावशी, नवी हाय ती. पाकीट म्या सवता फोडलंय."

"पाकीट नवंच आहे हो. चकती वाकडी आहे."

मिस्त्रींनी स्वतः बोट लावून बघितलं. दोनदा, तीनदा. मग त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि मोठ्याने हसले. "आता एका चकतीसाठी परत दोन म्हैने थांबायचं का?"

"जुन्या पोलादी चकत्या टाकल्यात? झिजतात त्या घर्षणाच्या, पोलादी एवढ्या झिजत नाहीत."

"टाकतोय कशाला. खोक्यात हायत की."

त्या खोक्यातल्या आठ चकत्यांतून तिने एक निवडली. मोजली, आरशावर ठेवली, दाबली. आवाज आला नाही. "ही चालेल," ती म्हणाली आणि पदराला हात पुसले. मग तिला आठवलं असावं की ती चांगल्या साडीत आली आहे. पदरावर तेलाची चार बोटं उमटली होती. ती ते डाग काळ्या चष्म्यातून बराच वेळ बघत राहिली, पण वैतागली नाही.

तीन दिवसांनी गाडी तयार झाली. आई म्हणाली, "मी येते घ्यायला." गाडीत बसताना तिने दाराची वरची कड धरली, गुडघ्याला एक शिवी दिली आणि बसली. शेडसमोरच्या मोकळ्या जागेत मी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल फिरवली. मागून काही आवाज नाही, थरथर नाही. मिस्त्री दोन्ही हात वर करून उभे होते.

परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. मी विचारलं, "कारखान्यात तू हेच करायचीस?"

"मोजायचे. काय ते सांगणार नाही."

"वर्षानुवर्षं?"

"त्यात काय? तिकडे लांब कुठेतरी ते कोणाच्या तरी हातात जाणार. तो माणूस काही मला विचारायला यायचा नाही, की बाई, नीट बघितलं होतंत ना?" मग ती म्हणाली, "एकदा मी बारा दिवसांचा माल परत पाठवला होता."

"मग?"

"मग काय, जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी कोणी बसेना. पुन्हा काम करावं लागलं ना सगळ्यांना."

"किती दिवस?"

"चांगले पंधरा-वीस दिवस. मग एक दिवस मीच डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. लोणचं होतं माझ्याकडे."

वाकडचा पूल आला. मी म्हणालो, "आई, कॉलेजात मी सगळ्यांना सांगायचो, तू ऑफिसात क्लार्क आहेस म्हणून."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"तुझ्या त्या डेक्कनच्या मित्राची आई भेटली होती एकदा लक्ष्मी रोडला. म्हणाली, आज ऑफिसला सुट्टी वाटतं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं हो, साहेब बाहेरगावी गेलेत."

मला समोरचं नीट दिसेना. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. आई म्हणाली, "सिग्नल हिरवा झालाय म्हणे. मला दिसत नाही, पण तुला तरी दिसायला हवा."

पुढच्या रविवारी सकाळी मी तिला दिघीच्या टेकडीकडे घेऊन गेलो. रस्ता संपतो तिथे एक चढ आहे. अर्धा सिमेंटचा, अर्धा सुट्या मुरमाचा. डावी चाकं मुरमावर येतील अशी गाडी मी चढावर उभी केली आणि तिला सांगितलं की आधीच्या झिजलेल्या चकत्या असत्या तर इथे एक चाक नुसतं फिरलं असतं. मग हळूच पाय दाबला. मागून क्षणभर खरखर झाली, खडे उडाले, आणि गाडी सरळ वर गेली. आईने सीटची कड घट्ट धरली होती. वर पोचल्यावर तिने ती सोडली.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

मी तीनदा केलं.

तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरात झालं, दुसऱ्याचं त्यानंतर दीड महिन्याने. पट्टी निघाल्यावर पहिले चार दिवस ती घरातली धूळ दाखवत फिरत होती. मिस्त्रींचा मग तिलाच फोन यायला लागला. कुठली बेअरिंगं, कुठल्या फटीत घालायच्या पातळ शिम, काहीतरी मोजायचं निघतंच. महिन्यातून दोनदा मी तिला ऑफिसला जाताना माणला सोडतो आणि येताना घेतो. मिस्त्रींच्या घरून तिला भाकरी येते. गेल्या वेळी ती फार चिडून बाहेर आली. शेडमधली ट्यूब लुकलुकते, अशा उजेडात कोणी मोजतं का, आणि मिस्त्री नुसतंच 'बदलतो, बदलतो' म्हणतात. वाटेत तिने मला इलेक्ट्रिकच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली.