पाऊस विकणारी आत्या

रोज सकाळी चहाच्या आधी आत्या मूठभर तांदूळ पत्र्याच्या ताटात सोडायची आणि मान वाकडी करून ऐकायची. आवाज पटला नाही, तर दिवसभर ताटाशी अबोला.

ती नाटकांना पाऊस पुरवायची. मागच्या खोलीत पोती छताला टेकलेली: सरींसाठी तांदूळ, गारांसाठी वाटाणे, समुद्रासाठी मका. पडद्यामागे उभी राहून ती धान्याचा लांबट डबा असा काही तिरपा करी, की समोरचे लोक छत्र्या चाचपत.

एकदा पुरवठा खात्याचे निरीक्षक आले. विक्रीसाठी इतकं धान्य साठवायचं तर परवाना लागे. नसेल तर तुरुंग.

"बाई, एवढं धान्य खाता की विकता?"

"विकते. पाऊस."

निरीक्षकांनी त्यातलं 'विकते' तेवढं लिहून घेतलं. पोती सरकारी गोदामात गेली आणि आत्यावर खटला भरला.

"मावशी, दुसरं काही सुचलं नाही?" वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "आता वरच्या कोर्टात खटलाच रद्द करून मागू. तिथे मात्र विचारलं तेवढंच बोला."

"तुम्हाला जमतं का ते?"

वरच्या कोर्टात सरकारी वकील त्या एका शब्दावर अडून बसले. बाईंनी स्वतःच कबूल केलंय, विकते म्हणून. न्यायाधीशांनी आत्यालाच विचारलं, नेमकं विकता काय? आत्याने स्वयंपाकघरातले तांदूळ भरून आणलेला डबा हळूच तिरपा केला. शिपाई खिडक्या लावायला धावला. सरकारी वकिलांनी फाइल कोटात दडवली, मग सगळे बघतायत हे कळल्यावर घसा खाकरत बाहेर काढली.

"गिऱ्हाइकाकडे दाणा जातो का?" न्यायाधीशांनी हसू दाबत विचारलं.

"एखादा उडतो साहेब. खुर्च्यांखालून झाडून परत आणते."

दाणा घरीच येतो, म्हणजे धान्याची विक्री नाही. विक्री नाही, तर परवान्याचा प्रश्नच नाही. खटला रद्द झाला.

पोती परत आली ती किड्यांसकट. आत्याने त्यातलं धान्य डब्यात भरून हलवून पाहिलं.

"पावसात कुणीतरी चालतंय," ती म्हणाली. "याचे जास्त घेऊ."

पुढे तिने खोली नव्या धान्याने पुन्हा छतापर्यंत भरली आणि तिला कुणी कधी हटकलं नाही. आमचं शेवटचं बोलणं झालं ते तिला दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा. आत बसल्यावर तिने काच खाली केली.

"पोती भिंतीला चिकटवून ठेवू नकोस गं, ओल धरतील."